मावशीचा पदर उजव्या खांद्यावर कसा गेला, किंवा व्हिज्युअल नॉव्हेलमधली पात्रं कशी बनतात

मागच्या दिवाळीत आईच्या हातात टॅब दिला आणि म्हटलं, बघ, हा आमचा गेम. तिने दोन मिनिटं बघितलं. स्क्रीनवर एक बाई उभी, मागे स्वयंपाकघर, खाली चौकटीत दोन ओळी. मग म्हणाली, "अगं, हे हँग झालंय का? ही बाई हलतच नाहीये."

हँग नव्हतं झालं, व्हिज्युअल नॉव्हेल असंच असतं. गेम म्हटलं की लोकांना धावाधाव नाहीतर गोळीबार आठवतो म्हणून आधी थोडक्यात सांगते. मागे एक चित्र असतं, ती जागा. पुढे एक-दोन माणसं उभी असतात. खाली मजकूर. टॅप केलं की पुढचं वाक्य येतं, मधे कधीतरी दोन-तीन पर्याय येतात, आणि तुम्ही काय निवडता त्यावर गोष्ट वेगळ्या वाटेला जाते. सोबत संगीत, कधी आवाज. बास. पिंगुळीची चित्रकथी ज्यांनी बघितलीय त्यांना पटकन कळेल, तिथेही सांगणारा एकेक चित्र पुढे धरतो आणि गोष्ट गातो, चित्र जागचं हलत नाही आणि तरी वनवास होतो, सीता पळवली जाते, युद्ध होतं, सगळं होतं. फरक एवढाच की चित्रकथीत चित्र बदलत राहतं आणि इथे तेच एक माणूस, तशाच एका उभं राहण्यात, तुमच्यासमोर दहा-वीस तास असतं. आता विचार करा, एखाद्या नटाला सांगितलं की बाबा तू जागेवरून हलायचं नाहीस, हात फार तर दोन प्रकारे ठेवायचे, आणि एवढ्यात प्रेम, राग, मरण सगळं करून दाखवायचं. तो नट म्हणजे आमचं पात्र. आणि त्याला ते जमेल असा बनवायचा, हे आमचं काम.

गंमत म्हणजे सुरुवातीला चेहरे नव्हतेच. १९९२ साली चुनसॉफ्ट कंपनीने सुपर फॅमिकॉमवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर, 'ओतोगिरिसोऊ' काढला, वाचायचा गेम, त्यात पडद्यावर पात्रं दिसतच नाहीत, नुसत्या जागा आणि आवाज. मग १९९४ ला त्यांचाच 'कामाइताची नो योरू' आला, त्यात माणसं आहेत पण नुसत्या निळ्या सावल्या, नाक-डोळे काही नाही. भीतीदायक गोष्टीला हे फार छान चालतं, कारण खुनी कोण हे चेहऱ्यावरून कळायची सोयच नाही. नंतर १९९६ ला लीफ नावाच्या कंपनीने 'शिझुकू' काढताना आपल्या मालिकेला 'व्हिज्युअल नॉव्हेल' म्हटलं आणि ते नाव पुढे सगळ्यांनाच चिकटलं. दुसरीकडे जपानी पीसी-९८ कॉम्प्युटरवर चेहरेवाले गेम आधीपासून होते, पण तिथे एका वेळी १६ रंग, तेही ४०९६ मधून निवडलेले, त्यामुळे गालावरची सावली दाखवायची तर दोन रंगांचे ठिपके आलटून पालटून टाकायचे. आज लोक त्या ठिपक्यांच्या लूकसाठी वेडे होतात, तेव्हा ती मजबुरी होती.

आता कॉन्सेप्ट आर्ट आणि कॅरेक्टर डिझाइन, हे दोन शब्द लोक एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात. मी शिंप्याचं उदाहरण देते. ब्लाऊज शिवताना आधी कच्चे टाके घालतात, अंगावर धरून बघतात, उसवतात, परत घालतात, ते कॉन्सेप्ट आर्ट. त्यात चित्र सुंदर असायची काही गरज नाही, प्रश्न सुटला पाहिजे: ही बाई किती वर्षांची, जाडी का बारीक, आल्या आल्या हिची भीती वाटली पाहिजे का हिच्याकडे जेवायला बसावंसं वाटलं पाहिजे. मग पक्की शिलाई, म्हणजे कॅरेक्टर शीट: समोरून, बाजूने, मागून, उंची दुसऱ्या पात्रांच्या शेजारी लावून, रंगांचे चौकोन, बटणं किती, भांग कुठे. हे शीट झालं की दुसरा कोणीही चित्रकार तेच पात्र काढू शकला पाहिजे.

कच्च्या टाक्यांच्या टप्प्यावर काहीही बदलू शकतं. 'फेट/स्टे नाइट' हा २००४ चा टाइप-मूनचा गेम, त्यातली सेबर नावाची तलवारबाज मुलगी आज जपानच्या सगळ्यात ओळखीच्या पात्रांपैकी आहे, पण लेखक किनोको नासू यांच्या सुरुवातीच्या खर्ड्यात सेबर पुरुष होता आणि नायक ही मुलगी होती. गेम करायचा ठरला तेव्हा हे उलटं केलं. सेबर म्हणजे दंतकथेतला राजा आर्थर, ती दंतकथा तीच राहिली, पण चिलखताखाली निळा झगा आला आणि सगळ्या गोष्टीचा तोलच बदलला.

आमचा गेम एवढा थोर नाही. दरवर्षी मार्च महिन्यात नॅनोरेनो नावाचा उपक्रम असतो, एका महिन्यात व्हिज्युअल नॉव्हेल करायचं, त्यासाठी आम्ही चौघांनी केलेला. एसटी स्टँडसमोरची खानावळ, ती चालवणारी नलूमावशी, तिथे जेवायला येणारा हॉस्टेलचा मुलगा आणि पोस्टात लागलेली एक मुलगी. तीनच पात्रं. मी म्हटलं आठ दिवसांत उडवते. पहिल्या दिवशी मावशी आणि पोस्टातली मुलगी काढल्या आणि दोघींना पूर्ण काळा रंग भरला. ही जुनी चाचणी आहे, नुसत्या सावलीवरून कोण कोण ते कळलं पाहिजे. तर दोघी सेम. एकाच बाईने दोन साड्या नेसल्यासारख्या. मग मावशीला रुंद केलं, डोक्यावर चांगला गच्च अंबाडा दिला, एक कोपर बाहेर काढून हात कमरेवर, दुसऱ्या हातात आमटीचा डाव. मुलीला पंजाबी ड्रेस, वेणी पुढे, खांद्याला तिरकी पिशवी. आता सावलीत पण कळायला लागलं. मी खूश.

लेखक मित्र म्हणाला, मस्तच, पण दुसऱ्या प्रकरणात तिच्या भावाच्या मरणाची बातमी येते, तेव्हाही ही डाव धरून उभी राहणार का?

हाच तो खड्डा ज्यात नवीन माणूस हमखास पडतो. पोस्टर काढताना, पुस्तकाचं कव्हर काढताना हातात काहीतरी दिलं की पात्र जिवंत होतं. इथे हातात जे दिलं ते प्रत्येक सीनमध्ये हातात राहणार, लग्नात, दवाखान्यात, रात्री दोन वाजता. हसरी पोझ काढली तर रडताना पण अंग हसणार. म्हणून या प्रकारातल्या पात्रांची मूळ पोझ जरा अळणी ठेवतात, सगळीकडे चालेल अशी, आणि मीठ-मसाला चेहऱ्यात घालतात. मला हे कळायला एक अख्खा डाव पुसावा लागला, आणि फार छान आला होता हो तो.

जपानीत या उभ्या चित्राला 'ताची-ए' म्हणतात, शब्दशः उभं चित्र. आपल्याकडे करणारे सगळे स्प्राइटच म्हणतात. आणि त्याच उभ्या चित्राचे जे बदललेले प्रकार, डोळे मिटलेली, लाजलेली, भडकलेली, त्यांना जपानी शब्द आहे 'साबुन', म्हणजे फरक. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला अंघोळच आठवली. पण शब्द नेमका आहे, कारण अख्खं चित्र परत काढत नाहीत, फरक तेवढाच काढतात.

हे नीट समजून घ्यायचं तर 'डोकी डोकी लिटरेचर क्लब' बघा. २०१७ चा गेम, टीम साल्व्हाटोचा, फुकट मिळतो, पण दिसायला गोड असला तरी आत आत्महत्येपर्यंत जातो आणि तशी सूचना सुरुवातीलाच देतो, तेव्हा लहान मुलांना देऊ नका. त्याच्यात सायोरी नावाची मुलगी आहे. तिचं धड उभं मधोमध कापलेलं आहे, डावा अर्धा वेगळी फाइल, उजवा अर्धा वेगळी. प्रत्येक अर्ध्याचे दोन प्रकार, हात खाली आणि हात वर घेतलेला. म्हणजे चित्रं काढली चार अर्धुकं, आणि जुळवाजुळव करून पोझ मिळाल्या चार पूर्ण: दोन्ही हात खाली, एक वर, दुसरा वर, दोन्ही वर. त्यावर चेहरा तिसरी फाइल. चेहऱ्यांना अ, ब, क अशी अक्षरं दिलेली असतात, त्यामुळे लेखकाने स्क्रिप्टमध्ये फक्त पोझचा आकडा आणि चेहऱ्याचं अक्षर लिहायचं, की ती मुलगी तशी उभी. शिवाय जी बोलते ती किंचित मोठी होते, आणि तेवढ्याने वाटतं की ती एक पाऊल पुढे आली. हललं काहीच नाही!

हा गेम रेन'पाय नावाच्या इंजिनवर, म्हणजे गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर केलाय, तेही फुकट आहे, नाव जपानी 'रेन'आय' म्हणजे प्रेम आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा यांच्या जोडीतून आलंय. आम्हीपण तेच वापरलं. मी चेहरा अजून फोडला: भुवया ५, डोळे ६, तोंडं ७. काढायचे तुकडे अठराच, पण जोड्या होतात २१०. अर्थात त्यातल्या बऱ्याच भयानक असतात, पण काही अचानक सापडतात. रागाच्या भुवया आणि हसरं तोंड लावलं तर मावशी टोमणा मारतेय असं दिसायला लागलं, जे मी मुद्दाम काढायला गेले असते तर जमलं नसतं.

तुकडे केले की घोळ पण होतात. टिकली मी अंगाच्या थरावर काढली होती. मग चिडल्यावर भुवया जवळ आल्या की टिकलीवर आठ्या चढायला लागल्या, म्हणून टिकली भुवयांच्या थरावर हलवली, आणि अंगावरची पुसायला विसरले. दुसऱ्या पोझमध्ये मान थोडी कललेली होती. झालं, बाईला दोन टिकल्या. टेस्टिंगला दिलं तर चौघांपैकी तिघांच्या लक्षातच आलं नाही, एकाने विचारलं की हे तिचं तिसरं नेत्र वगैरे प्रकरण पुढे येणारे का.

पण खरी फजिती पदराची. दोन पात्रं एकमेकांशी बोलतायत तर त्यांनी एकमेकांकडे तोंड केलेलं बरं दिसतं, आणि मी तिघांनाही उजवीकडे तोंड करून काढलं होतं. इंजिनमध्ये एक ओळ लिहिली की चित्र आरशासारखं उलटं होतं, सोपं काम, सगळे करतात. केलं. आईला दिवाळीत दाखवलं ते हेच. हँग झालं नाहीये हे पटल्यावर तिने चष्मा लावला आणि पाचव्या मिनिटाला म्हणाली, "हिने मगाशी डावा पदर घेतला होता, आता उजवा कसा? आणि हिची चमकी उजव्या नाकपुडीत कुठून आली?" चार लोकांनी महिनाभर बघितलेलं चित्र. कोणाला दिसलं नाही.

जपानी लोकांना हा त्रास आपल्याहून जास्त, आणि जास्त गंभीर. किमोनो नेसताना नेसणाऱ्याची डावी बाजू वर येते. उलटी, म्हणजे उजवी बाजू वर, फक्त मेलेल्या माणसाला नेसवतात. म्हणजे उत्सवाच्या सीनमधली सुंदर मुलगी तुम्ही सहज आरशात उलटी केलीत तर बघणाऱ्याला ती प्रेतासारखी नेसलेली दिसते. म्हणून डिझाइन करतानाच ठरवावं लागतं, पात्र उलटवायचंय का. उलटवायचं असेल तर भांग मधोमध, खिसे दोन्हीकडे, डोळ्यावर पट्टी नको, हातात घड्याळ नको. नाहीतर मग दोन्ही बाजू वेगळ्या काढा, दुप्पट काम करा. शाळेच्या गणवेशातली पात्रं या गेममध्ये इतकी का असतात याची कारणं पुष्कळ असतील, पण गणवेश जवळजवळ सारखाच उलटतो हे चित्रकाराच्या दृष्टीने काही छोटं कारण नाही.

गणवेशाचा अजून एक फायदा आहे. सगळ्यांना एकच कपडे दिले की जो तो ते कसे घालतो त्यावरून माणूस कळतो. सायोरीचा कोट उघडा असतो, त्याच गेममधल्या युरीचा नीट बटणं लावलेला. एक वाक्य वाचायच्या आधी कोण धांदरट आणि कोण स्वतःला आवरून ठेवणारी हे तुम्हाला कळलेलं असतं. आम्हाला असला गणवेश नव्हता, म्हणून मी मावशीच्या चोळीवर जोर लावला. खणाची चोळी. दंडावरचा एकेक बुट्टा मोठ्या कॅनव्हासवर बसून काढला, दोन रात्री गेल्या, आणि गेममध्ये चित्र एक तृतीयांश झालं तेव्हा त्या खणाची नुसती खरखर झाली, टीव्हीला मुंग्या यायच्या तशी. शेवटी काय केलं, सपाट गर्द रंग, काठाची एक पट्टी आणि मोजून सहा बुट्टे. लांबून खण वाटतो. जवळून बघायला कोण येणारे.

लहान स्क्रीनचे उस्ताद बघायचे तर २००१ चा कॅपकॉमचा 'ग्याकुतेन साइबान', इंग्रजीत 'एस अटर्नी'. वकिलांचा गेम. गेम बॉय अॅडव्हान्स या हातात धरायच्या यंत्रावर होता, स्क्रीन अख्खी २४० बाय १६० पिक्सेल, आजच्या मोबाइलवरच्या एका आयकॉनइतकेच समजा. त्यात खालचा भाग मजकुराने खाल्लेला. कुमिको सुएकाने यांनी तिथे नायकाला मागे वळलेले काट्यांसारखे केस दिले आणि निळा सूट, सरकारी वकिलाला रेड वाइनच्या रंगाचा सूट आणि गळ्याशी पांढऱ्या झालरी. पिक्सेल पुसट झाले तरी चूक होणार नाही कोण कोण आहे. आणि बोट दाखवायची ती प्रसिद्ध पोझ: हात सरळ पुढे, बोट ताठ. दोन-चार चित्रांची हालचाल, पण सगळा गेम त्या बोटावर उभा आहे. नायकाचं आडनाव नारुहोदो, म्हणजे जपानीत "अस्सं होय!", हा विनोद अनुवादात बिचारा मेला.

आता इतकं सगळं वाचून वाटेल की चित्रकला जबरदस्त पाहिजे. तर तसंही नाही. ऑगस्ट २००२ मध्ये टोकियोच्या कॉमिक मार्केटमध्ये, म्हणजे हौशी लोक स्वतः केलेल्या गोष्टी विकतात त्या जत्रेत, 'हिगुराशी नो नाकू कोरो नी' चा पहिला भाग विकायला आला, लेखक र्यूकिशी०७, आणि चित्रंही त्यांनीच काढलेली. हात बघाल तर स्वयंपाकघरात गरम भांडं उचलायचे हातमोजे घातल्यासारखे, बोटं जाडजूड, खांदे कुठेही. मागची दृश्यं काढलेलीच नाहीत, फोटो आहेत, फिल्टर मारलेले. गोष्टीतलं गाव हिनामिझावा हे गिफू प्रांतातल्या शिराकावा-गो वरून घेतलंय, उतरत्या गवती छपरांची घरं असलेलं, जे १९९५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. खऱ्या गावाचा फोटो आणि त्याच्यापुढे बाळबोध हातांची मुलगी. चालू नये असं हे मिश्रण. पण चालतं, आणि माझ्या मते त्या हातांमुळेच चालतं. तासन् तास तुम्ही रेना नावाच्या मुलीचा तो गोड बावळट चेहरा बघता, तुम्हाला वाटतं हा गेम एवढाच, आणि मग एका क्षणी ती "उसो दा!" म्हणजे "खोटं आहे!" असं किंचाळते आणि चेहरा बदललेला असतो, मुख्य म्हणजे डोळे. अंग तेच, हात तेच बावळट. मी रात्री वाचत होते, उठून लाइट लावला. पुढे या गेमच्या नव्या आवृत्त्यांमध्ये चांगल्या चित्रकारांकडून पात्रं पुन्हा काढून घेतली, २०१५ पासूनच्या इंग्रजी आवृत्तीत जुनी-नवी दोन्ही निवडता येतात. मी जुनीच लावते.

बॅकग्राउंडबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण तो वेगळाच विषय आहे. क्षितिजाची रेघ. मागच्या खोलीचं चित्र ज्या उंचीवरून बघितलंय ती उंची साधारण पुढच्या पात्राच्या डोळ्यांजवळ पडली पाहिजे. आमची खानावळ आमच्या मित्राने छताजवळून बघितल्यासारखी काढली होती, त्यामुळे मावशी टेबलांवर तरंगत होती. 'दांगानरोन्पा' नावाच्या गेमवाल्यांनी २०१० मध्ये हा प्रश्नच निकालात काढला, पात्रं सरळ पुठ्ठ्याच्या कटआउटसारखी खोलीत उभी केली, कॅमेरा फिरला की सपाट दिसतात, आणि तीच त्यांची स्टाइल झाली. रक्तसुद्धा गुलाबी. निर्लज्ज म्हणावं इतका आत्मविश्वास.

राहता राहिली मोठी चित्रं, ज्यांना इव्हेंट सीजी म्हणतात, संपूर्ण स्क्रीनभर, एकदाच दिसणारी, पहिलं चुंबन, अपघात वगैरे. ती महागडी असतात, वेळ खातात, आमच्याकडे महिन्यात फक्त एक झालं. त्यामुळे भावाच्या बातमीच्या सीनला आमच्याकडे मोठं चित्र नव्हतं. डाव तर आधीच पुसलेला. मी रडका चेहरा लावून बघितला, नाटकी वाटला. शेवटी एक तुकडा नवा काढला, केसांचा. अंबाडा सुटलेला, केस एका खांद्यावर, बाकी साडी तीच, पोझ तीच, तोंड मिटलेलं. वीस मिनिटांचं काम.

आई तिथपर्यंत पोचली तेव्हा मी मुद्दाम शेजारी बसले होते. पडदा काळा झाला, परत उजळला, मावशी उभी. चौकटीत अजून मजकूर आलाच नव्हता.

"अगं बाई," आई म्हणाली, "कोण गेलं हिचं?"